सगुणाची निळी वाट

एक शहर होतं. घरं आभाळाला टेकलेली, गाड्या चकचकीत, आणि माणसाला चालायला वीतभर जागा नाही. ज्यानं कुणी आखलं त्याला अक्कल नव्हती, दुसरं काय.

तिथं सगुणा नावाची गरीब पोर आईबरोबर एका खोलीत राहायची. आई दिवसभर बसून गोधड्या शिवायची. बसून बसून तिचे पाय लाकडासारखे झाले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर पाय कायमचे जातील. पण चालायचं कुठं? दाराबाहेर पाऊल टाकलं की गाडी अंगावर.

जवळच एक बाग होती. तिला कुलूप, आणि आत पाटी : गवतावर चालू नये. मग बाग केली कशाला?

एका सकाळी आतून बारीक रडणं ऐकू आलं. सगुणा कुंपणाच्या फटीतून आत शिरली. जास्वंदीखाली बोटाएवढी परी पडली होती. तिचे पंख राखेसारखे फिके. बागेत पोरं धावली तरच तिच्या पंखांत रंग भरायचा, आणि इथं तर वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. परीनं हे सांगताच सगुणानं तिला पानातून पाणी पाजलं, ओंजळीत घेतलं आणि पाटीकडे न बघता गवतावरून धावत सुटली. पंख हळूहळू गुलाबी झाले, मग मोरपंखी, मग सोन्याची चिमुकली नक्षी उमटली.

परी म्हणाली, "दोन इच्छा माग, बाळ. पण एकट्याच्या कामाचं असेल ते दिवस मावळताना विरेल. शंभर जणांनी वापरलं तर कायम राहील."

पोरच ती. तिनं आईचे पाय बरे व्हावेत असं मागितलं. आई दिवसभर खोलीत भिंगरीसारखी फिरली, आणि सूर्य बुडताच पाय पुन्हा लाकूड.

दुसऱ्या सकाळी सगुणानं डोळे पुसून वाट मागितली. आणि काय वाट उगवली! दारापासून बागेपर्यंत निळ्या फरशा, दोन्ही बाजूंना कोवळी कडुनिंबाची रोपं, इवलेइवले बाक. बागेचं कुलूपही गळून पडलं.

पण चाललं कोण? कुणीच नाही. एवढी सुंदर वाट आपली कशी असेल, कुणा बड्या माणसाची असणार, असं म्हणत लोक गाड्या चुकवत रस्त्यावरूनच गेले. भांडीवाल्या पन्नालालशेठनं दुकानासमोर वाटेवरच बादल्यांची उतरंड मांडली. सगुणा एकेकाला हात जोडत फिरली. लोक हसून पुढं गेले. सूर्य कलला. फरशांचा निळा रंग उडू लागला.

तेव्हा आई उठली. चौकट धरली, दात आवळले आणि वाटेवर पाय ठेवला.

शेठ म्हणाला, "बाई, तुम्ही बागेत पोचेपर्यंत माझे केस पिकतील."

"तुमच्या डोक्यावर आहेत कुठं केस? बादल्या उचला आणि हात द्या. वाट आपलीच आहे. तुम्हीही चाला, पोट सुटलंय."

लोक खदखदून हसले. हसता हसता एक म्हातारी वाटेवर आली, मागून शाळेची पोरं, मग भाजीवाल्या. सगुणा मोजत होती. नव्व्याण्णव झाले आणि सूर्याची कड तेवढी उरली. शेठ पुटपुटला, बादल्या बाजूला सारल्या आणि आईला आधार द्यायला दुकानातून वाटेवर उतरला.

शंभर.

फरशा मोरपिसासारख्या लखलखल्या. रोपांचे डेरेदार वृक्ष झाले. बागेत पोरांचा गलका उठला, तशी परी जास्वंदीवरून वर गेली. चांदणीएवढी झाली, कंदिलाएवढी झाली, आणि सगळ्यांच्या अंगावर सोनेरी उजेड सांडून त्या उजेडातच विरून गेली.

सगुणा बाकाची धूळ पुसत होती. आईनं खाली पाहिलं. तिच्या डाव्या पायाचा अंगठा आपोआप हलला होता.

"बसायचं नंतर," आई म्हणाली. "आधी बागेला एक फेरी मारू."