माळावर सांगितलेली गोष्ट

फार मागं, पाखरं एकमेकांना गोष्टी सांगत. पण गोष्ट सांगायची ती वडाच्या फांदीवर बसूनच. खालून सांगितलेलीला कुणी गोष्ट म्हणत नसे.

टिटवीनं एक लांबलचक गोष्ट रचायला घेतली. मधेच पिलं झाली, गोष्ट थांबली. पुढच्या साली गुरांनी तिची अंडी तुडवली आणि कितीतरी दिवस तिला काही सुचेना. तरी उठली, आणि गोष्ट पुरी केली.

वडाखाली जाऊन फांदीवरच्या पोपटाला म्हणाली, "पोपटराव, माझी गोष्ट ऐका."

"आधी वर या बाई, फांदीवर बसा. मग बघू."

टिटवीच्या पायांना फांदी धरता येत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. ती तीनदा वर गेली, तीनदा खाली आपटली.

"पाय तरी धड आणायचेत," साळुंकी हसली.

"पाय पळायला आहेत. गोष्ट मी तोंडानं सांगते," टिटवी म्हणाली, आणि चालू लागली.

उघड्या माळावर उभी राहून तिनं सुरुवात केली. पहिल्या दिवशी एकटं कासव आलं, तेही वाट चुकून. दुसऱ्या दिवशी त्यानं सशिणीला आणलं. आठवड्यात सरडे, मुंगसं, घोरपडी, सगळे जमले.

टिटवीनं विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही वडाकडं का नाही गेलात?"

"आम्हाला कधी कुणी वर बोलावलंय?" सशीण म्हणाली. "ते सोडा ताई. त्या विहिरीत पडलेलीचं पुढं काय झालं, ते सांगा."

टिटवीनं वडाकडं पाठ केली आणि पुढं सांगू लागली.