राखेची रेघ

"...आणि सगळं कायद्यात बसत असेल, तरीही पाप लागतं का, बुवा?"

निरंजनबुवा लोखंडी शेगडीत लाकूड सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उन्मेष खरवंडीकर समोर मांडी घालून बसला होता. मांडीवर नकाशाची गुंडाळी. राज्याच्या राजधानीपासून इथवर तो बर्फातून गाडी हाकत आला होता. वाटेत हा प्रश्न त्याने इतका घोकला होता, की विचारून झाल्यावर त्याचा त्यालाच तो नाटकी वाटला.

बुवांची मठी अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्यात, एका आडगावच्या चढावर होती. पूर्वी ते गवताचं कोठार होतं. बुवा लेकीकडे म्हणून आले, लेकीची बदली झाली, बुवा राहिले. रविवारी आसपासची मराठी कुटुंबं भजनाला येत. त्यांच्या गाड्यांवर दोन्ही पक्षांच्या प्रचाराच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. आत टाळ एका ठेक्यात वाजत, आणि भजन संपलं की माणसं एकमेकांच्या गाड्यांकडे न बघता निघून जात.

"पाप कसलं?" बुवांनी विचारलं.

उन्मेषने नकाशा जमिनीवर पसरला.

त्या देशात दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखतात. बहुतेक राज्यांत ज्याचं बहुमत, त्याच्या हाती पेन्सिल. ती पेन्सिल चालवायला उन्मेषसारखी माणसं ठेवतात. कुठल्या गल्लीत कोण कुणाला मत देतं, हे त्याच्या संगणकाला पाठ होतं. या राज्यात तो एका पक्षाचं काम करी, शेजारच्या राज्यात दुसऱ्या पक्षाचं. धंद्यात सोवळंओवळं नसतं, असं तो म्हणे.

"लोकांना वाटतं निवडणूक नोव्हेंबरात होते," तो म्हणाला. "ती माझ्या टेबलावर होते. नोव्हेंबरात नुसत्या टाळ्या."

हे सांगताना त्याला थोडं हसू आलं. अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला सवय नव्हती.

"मग तुझं बरं चाललंय," बुवा म्हणाले. "इथे कशाला आलास?"

उन्मेषने नकाशावर बोट ठेवलं. हद्दीची रेघ रस्त्याच्या कडेने सरळ येत होती. एका ठिकाणी मात्र ती गळासारखी वाकली होती आणि पुन्हा रस्त्याला लागली होती. त्या गळात एकच घर होतं.

"हे लॉरेटाचं."

लॉरेटा बुवांना माहीत होती. मठीच्या खालच्या वळणावर राहायची, शाळेची बस चालवायची. या रस्त्यावर बर्फ काढणारी गाडी येत नाही. गेल्या हिवाळ्यात तिची बस घसरून चरात गेली. बसमध्ये मुलं नव्हती, म्हणून निभावलं. तिचा मात्र पाय मोडला, आणि बिछान्यात पडल्या पडल्या तिने विधानसभेला उभं राहायचं ठरवलं.

तिथले आमदार जुने, उन्मेषला पेन्सिल देणाऱ्या पक्षाचेच. ज्याने त्याने आपापल्या दारातलं बर्फ काढावं, यालाच स्वातंत्र्य म्हणतात, असं त्यांचं मत. लॉरेटा म्हणायची, रस्ता सगळ्यांचा तर बर्फही सगळ्यांचं. एवढीशी गोष्ट, पण असल्या गोष्टींपायी त्या देशात भावाभावांनी एका टेबलावर जेवणं सोडलं आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिथेही चालतंच.

"ती निवडून येईल," उन्मेष म्हणाला. "माझा संगणक सांगतो. पण उमेदवाराचं घर मतदारसंघातच असावं लागतं. तिचं घर रेघेपलीकडे गेलं की ती इथून उभी राहू शकत नाही. नकाशा उद्या सकाळी द्यायचा आहे."

"मग दे."

"या देशात आलो तेव्हा मला नोकरी नव्हती. पहिला हिवाळा मी तिच्या माडीवर काढला, बुवा. तिने जेवू घातलं. ताप चढला तेव्हा उशाशी बसली होती..."

शेगडीत लाकूड तडकलं. उन्मेष बोलतच राहिला.

"दोन्ही पक्ष हेच करतात. मी ही रेघ काढली नाही तर दुसरा कुणी काढेल. तो तर तिला ओळखतही नसेल."

"म्हणजे ओळखीच्या माणसाने केलेलं बरं."

उन्मेषचा चेहरा उतरला. वाद घालायला तो तयारीने आला होता. पण वादाला समोर कुणी तरी लागतं.

"मला वाद नको, बुवा. या नकाशाला अंगारा लावून द्या. आई होती तोवर तिने मला अंगाऱ्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. तेवढं झालं की मी निघतो."

बुवांनी नकाशाकडे पाहिलं. मग शेगडीखालचा खण ओढला आणि त्यातली निवलेली राख पत्र्याच्या बादलीत ओतली. बादली भरली.

"कागदावर राख टिकत नाही," ते म्हणाले. "रेघ जिथे आहे तिथे लावू. चल."

नकाशा त्यांनी काखेत धरला. बादली उन्मेषने उचलली.

उतार निसरडा होता. दुपार होती, पण ऊन नावालाच. उन्मेषला गप्प राहवेना.

"तुम्हाला काय वाटतं, बुवा? बरोबर कोण? आमदार की लॉरेटा?"

बुवांचा पाय सरकला. त्यांनी त्याचा खांदा घट्ट धरला.

"आत्ता मला तुझा खांदा बरोबर वाटतो."

लॉरेटाच्या फाटकाशी ते थांबले. घरात दिवा होता, बाहेर कुणी नव्हतं.

"कुठून जाते?" बुवांनी विचारलं.

"इथून. फाटकातून पायऱ्यांपर्यंत. मग घरामागून वळून परत रस्त्याला."

"काढ."

टेबलावर हा गळ काढताना त्याच्या पेल्यातली कॉफीसुद्धा निवली नव्हती. आजवर त्याने उंटावरूनच शेळ्या हाकल्या होत्या, आता खाली उतरायची पाळी आली. बुटांत बर्फ शिरलं. वरच्या भुसभुशीत थराखाली पायवाट काचेसारखी गोठली होती. तो वाकून मूठ मूठ राख टाकत सरकू लागला. पांढऱ्यावर करडी रेघ उमटत गेली, आणि ती चांगली ठळक उमटली.

पायऱ्यांशी तो अडला. नकाशात रेघ पायऱ्यांना चाटून जात होती. इथे चाटून जायला जागाच नव्हती. त्याने मागे वळून पाहिलं. बुवा फाटकाला टेकून आभाळ बघत होते.

त्याने पायऱ्यांवरही राख टाकली. एकेका पायरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

घरामागची अर्धी रेघ अजून राहिली होती. तेवढ्यात दार उघडलं.

चोराच्या मनात चांदणं. उन्मेषने बादली मागे लपवली. बादली कसली लपते.

लॉरेटा काठी टेकून दारात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे, मग थेट फाटकापर्यंत गेलेल्या राखेकडे.

"आमदार म्हणतात, ज्याने त्याने आपलं दार साफ करावं," ती म्हणाली. "मी म्हणते, सरकारने करावं. आणि कुणी घसरू नये म्हणून राख टाकायला आलास तो तू. हरलो म्हणायचं आम्ही दोघंही."

ती राखेवर पाय ठेवत खाली आली. हळूहळू, पण पाय कुठे सरकला नाही. जवळ येऊन तिने त्याच्या बाहीवरची राख झटकली.

"सकाळपासून घरातच अडकून बसले होते. गेल्या साली पाय मोडला तेव्हापासून पहिल्या पायरीचीच धास्ती वाटते... देव तुझं भलं करो, पोरा. आत ये. तुझा निळा पेला अजून आहे. कॉफी टाकते. त्या म्हाताऱ्यालाही आण."

आली तशीच राखेवरून ती परत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

उन्मेषला लाज वाटली. लहानपणी आईने काही न बोलता नुसतं पाहिलं की वाटायची, तशी. त्याच्या हातांना, बाहीला, बुटांना राख लागली होती.

तो फाटकाशी आला.

"मी तिला फसवलं, बुवा."

"ती घसरली नाही," बुवा म्हणाले.

"पण तिला वाटतंय, मी... आता मी काय करू?"

बुवांनी काखेतला नकाशा काढला, त्यावरचं बर्फ पुसलं आणि त्याच्या करड्या हातात दिला.

"अंगारा मागितला होतास. तो मिळाला... आता नकाशा नेऊन दे, जिथे द्यायचा असेल तिथे."