दुपारी खुडलेली पानं

एका माळरानावर ज्वारीचं एक संशोधन केंद्र होतं. तिथे मृदुला टेंभेकर नावाची शास्त्रज्ञ होती. मोठी हुशार, पण स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

ज्वारीच्या रोपात हजारो जनुकं असतात. पुष्कळांचं काम अजून कुणालाच माहीत नाही. चारशे बारा नंबरचं जनुक त्यातलंच. मृदुलाची रीत सोपी होती. जी जनुकं एकत्र जागी होतात, म्हणजे कामाला लागतात, आणि एकत्र झोपतात, त्यांना रेघेने जोडायचं. रेघांचं जाळं झालं की अनोळखी जनुकाची संगत दिसते आणि संगतीवरून त्याच्या कामाचा अंदाज येतो.

तिने काही वाफ्यांना पाणी दिलं, काही तहानलेले ठेवले आणि दोन्हींची पानं तपासली. चारशे बारा थेट तहान सोसणाऱ्या जनुकांच्या घोळक्यात सापडलं. मृदुला हरखली. सोमवारी बियाणे समितीची बैठक होती. हे जनुक ज्यात जोरात आहे तेच वाण ऐंशी कोरडवाहू गावांना द्या, असं ती सांगणार होती. तिला जेवण गोड लागेना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत!

शनिवारी ती वाफ्यांपाशी येरझाऱ्या घालत होती. प्रयोगासाठी पानं खुडणाऱ्या कोंडाबाई तिथे खुरपत होत्या. मृदुलाने त्यांना सगळं सांगितलं.

कोंडाबाईंचं खुरपं थांबलं. "ताई, पाणी दिलेले वाफे हापिसाजवळ. ती पानं म्या सकाळी खुडली. तहानलेले वाफे पार टेकाडावर. तिथं पोचंपत्तुर रोज दुपार व्हायची. मंग तुमचं चारशे बारा तहानेनं जागं झालं, का उन्हानं?"

वेळ एकच ठेवा, असं मृदुलाने कधी सांगितलंच नव्हतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार आहे? हा विचार मनात आला आणि दोन दिवस हलला नाही.

सोमवारी ती बैठकीत उभी राहिली. "माझं उत्तर कच्चं आहे. चूक माझीच आहे. एक हंगाम द्या." अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हंगाम दिला.

या खेपेला टेकाडावर कोंडाबाई आणि हापिसाजवळ मृदुला, दोघींनी एकाच वेळी पानं खुडली. नव्या जाळ्यात चारशे बारा उन्हाने जागणाऱ्या जनुकांकडे सरकलं. तहानेच्या घोळक्यात आलं सत्त्याण्णव नंबरचं, ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

तरी मृदुलाला चैन पडेना. तिने काही रोपांत चारशे बारा बंद पाडलं, काहींत सत्त्याण्णव, काही तशीच ठेवली, आणि सगळ्यांचं पाणी तोडलं. चारशे बारा नसलेली रोपं तशाच ठेवलेल्या रोपांसारखीच तग धरून राहिली. सत्त्याण्णव नसलेल्यांनी आठवड्यात माना टाकल्या. ऐंशी गावं थोडक्यात वाचली होती.

कोंडाबाई त्या सुकलेल्या रोपांकडे बघून म्हणाल्या, "आता जा बैठकीला."

तात्पर्य: सोबत दिसली की लगेच नातं जोडू नये. सोबत कशामुळे झाली ते आधी तपासावं, आणि चुकलं असेल तर दुसऱ्याच्या शेतात पेरण्याआधी कबूल करावं.