भिवरेचं नाव

एका राज्यात नदी राजवाड्यापेक्षा उंच वाहत असे. मध्ये एक दगडी बांध होता, म्हणून खाली नगर होतं. नगरात धवलसेन नावाचा राजा होता, आणि राजाजवळ निंबराज नावाचा भाट होता. त्या राज्यात कोणी मोठं काम केलं की भाटाने भर दरबारात त्याचं नाव घ्यायचं आणि 'धन्य' म्हणायचं, मग साऱ्या प्रजेने तोच शब्द उचलून धरायचा. असा मान मिळालेल्या माणसाला नगर विसरत नसे.

एका श्रावणात नदी फुगली आणि बांधाला भगदाड पडलं. लोक डोंगराकडे पळाले. राजाही पळाला. मागे राहिली ती धोंडजी पाथरवटाची मुलगी. दिवसभर ती एकटी भगदाडात दगड रचत होती. धोंडजी गुडघ्यांनी अधू. तो काठावरून दगड ढकलत होता, ती लावत होती. सूर्य मावळताना एकाच दगडाची जागा उरली. तो दगड उचलून ती वळली, आणि लाटेने तिला दगडासकट ओढून नेलं. पाण्याचा जोर मात्र तिथेच सरला. नगर वाचलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. धोंडजी खांबाशी उभा होता. त्याला धन नको होतं, जमीन नको होती. तो शब्द ऐकायला आला होता.

राजाने विचारलं, "नगर कोणी राखलं?"

निंबराजाला ठाऊक होतं. डोंगरावरून साऱ्यांनीच पाहिलं होतं. पण जिभेला वीस वर्षांची सवय, ती सवयीनेच वळली. "धन्य धवलसेन महाराज! आपल्याच पुण्याईने पाणी मागे फिरलं!"

लोक क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "धन्य! धन्य!"

धोंडजी निघून गेला.

तेवढ्यात एक टिटवी दरबारात येऊन राजदंडावर बसली आणि माणसासारखी बोलली. "त्या मुलीने आधी माझी अंडी ओंजळीत उचलून उंचावर ठेवली, मग पहिला दगड उचलला. तिचा शब्द तुम्ही चोरलात. आता हा शब्द ज्याच्यावर पडेल, तो दगड होईल." आणि ती उडून गेली.

पाखराचं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही. आठ दिवसांनी राजाची एकुलती मुलगी हंसावळी, सात वर्षांची, पहिल्यांदा वीणा वाजवून थांबली आणि बापाकडे पाहून हसली. निंबराज नेहमीसारखा म्हणाला, "धन्य राजकन्ये!"

ती हसत होती तशीच पाषाण झाली.

त्या दिवसापासून नगरात कोणी कोणाला चांगलं म्हणेना. न जाणो, तो शब्द तोंडून निसटला तर? आया मुलांकडे पाहून ओठ मिटून घेत. विणकर नवं लुगडं घडी करून ठेवून देई, दाखवत नसे. राजा मुलीच्या पायाशी बसून राही. जेवत नसे.

निंबराज बांधावर गेला आणि टिटवीला शोधून म्हणाला, "शाप उतरव. अपराध माझा आहे."

टिटवी म्हणाली, "तीन कामं कर. तिच्या हातातला शेवटचा दगड नदीतून काढून जागेवर बसव. तिच्या बापाच्या तोंडून तिचं नाव आण. आणि राजाने घेतलेला शब्द राजाकडूनच परत आण. मग ते नाव आणि तो शब्द चारचौघांत एकत्र म्हण. पण ऐक. तू तो शब्द इतका खोटा म्हटला आहेस की खरा एकदाच निघेल. त्यानंतर तुला आवाज उरणार नाही."

"चालेल," निंबराज म्हणाला.

एकवीस दिवस तो नदीत बुड्या मारत होता. हातांची कातडी गेली. बाविसाव्या दिवशी दगड सापडला. तो वर आणून त्याने जागेवर बसवला. मग तो धोंडजीच्या झोपडीत गेला.

"बाबा, तुमच्या मुलीचं नाव सांगा."

धोंडजीने वर पाहिलं. "तेव्हा का नाही विचारलंस?"

निंबराजाने मान खाली घातली. "तेव्हा मला गरज वाटली नाही."

म्हातारा म्हणाला, "खरं बोललास, म्हणून सांगतो. भिवरा."

तिसरं काम उरलं. निंबराज राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, बांधावर चला. धोंडजीने मुलीचं नाव दिलं आहे. आपण घेतलेला शब्द परत द्या, म्हणजे राजकन्या शापातून सुटेल."

राजाला वाटलं, साऱ्या प्रजेपुढे आपण पळालो हे कसं सांगावं? मग त्याने पाषाणाच्या त्या लहान हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो उठला. मुलीला त्याने स्वतः उचललं. तो तिला बांधापर्यंत घेऊन गेला. सारं नगर जमलं.

मुकुट काढून राजा म्हणाला, "पुराच्या दिवशी मी डोंगरावर होतो. तुम्ही मला दिलेला शब्द माझा नव्हता." मग तो धोंडजीकडे वळला. "माझी मुलगी परत येईल. तुझी येणार नाही. तरी तू नाव दिलंस?"

धोंडजी म्हणाला, "महाराज, तुमच्या लेकराने काय वाईट केलं होतं?"

राजा म्हाताऱ्यापुढे वाकला.

निंबराज बांधावर चढला. आयुष्यभर त्याने तो शब्द गाऊन, लांबवून म्हटला होता. आज त्याने साधाच म्हटला. "भिवरा, धोंडजीची मुलगी. आपण पळालो, ती थांबली. म्हणून आपण आहोत. धन्य भिवरा!"

"धन्य भिवरा!" सारं नगर म्हणालं. म्हणता म्हणता लोक रडू लागले. हंसावळीच्या गालाला रंग आला, पापण्या हलल्या, आणि ती भोवतालची गर्दी पाहून बापाला बिलगली. निंबराजाने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

नगर सावरलं. राजाने पुढे न्यायाने राज्य केलं, आणि काम ज्याचं, त्याचंच नाव घेऊन त्या दरबारात गौरव होऊ लागला.

पण त्या दिवशी लोक पांगल्यावर धोंडजी काठी टेकत निघाला, तेव्हा राजाने विचारलं होतं, "बाबा, मन निवलं का?"

"शब्द ऐकला, बरं वाटलं," धोंडजी म्हणाला. "आता घरी जातो. भाकरी झाली की तिला हाक मारायची सवय आहे. आजही मारीन."

आणि तो उतार उतरून गेला.