ढ, ग आणि काठी

"मग तुम्ही तिला शिकवलं तरी काय?"

प्राचार्य पिंगळे तिसऱ्यांदा विचारत होते. केवळबाबा वालाच्या शेंगा सोलत होते.

"काही नाही," बाबा म्हणाले.

सकाळची उन्हं मठाच्या पायऱ्यांवर आली होती. खाली पैनगंगा, पलीकडे तांडा. मठ म्हणजे एक समाधी, एक पत्र्याची ओसरी आणि बाबा.

पिंगळे साठ मैल मोटारीने आले होते. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचे ते प्रमुख. 'शिकवावे कसे' या विषयावर त्यांची चार पुस्तकं होती.

त्यांच्या महाविद्यालयात या वर्षी जमुना आडे पहिली आली. याच तांड्यावरची मुलगी. सत्काराच्या दिवशी तिला विचारलं, तुझे गुरू कोण? पिंगळे खुर्चीत जरा सावरून बसले. उत्तरादाखल करायचं भाषण त्यांच्या खिशात होतं.

ती म्हणाली, "आमच्या मठातले केवळबाबा."

भाषण खिशातच राहिलं.

"बाबा, तिनं भर सभेत तुमचं नाव घेतलं. काहीतरी शिकवलं असेलच ना?"

"मला वाचायलाच येत नाही, मास्तर."

पिंगळ्यांना 'मास्तर' म्हणून कोणी हाक मारल्याला वीस वर्षं झाली होती. पण खटकलं ते दुसरंच.

"वाचता येत नाही?"

"नाही."

"मग ती तुमच्याकडे शिकली कशी?"

"ती नाही शिकली. मी शिकत होतो."

बाबांनी सांगितलं ते एवढंच. तांड्यावरच्या गुरुजींची बदली झाली. दोन वर्षं शाळेला कुलूप. जमुना दुसरीत होती. ती पुस्तक घेऊन मठाच्या ओसरीवर येऊन बसायची. बाबांनी विचारलं, यात काय आहे गं? तिनं वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, हे तुला कसं कळतं? तिनं अक्षर दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाबा ते विसरले. तिनं पुन्हा दाखवलं. मग इतर पोरंही यायला लागली. एकट्या जमुनाला म्हातारा आवरेना.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"आणि तुम्ही रोज विसरायचात?"

"रोज."

पिंगळे पुढे सरकले. आता त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती.

"मुद्दाम विसरायचात ना? खरं सांगा. तुम्हाला वाचता येत होतं. तुम्ही सोंग घेतलंत, म्हणजे तिला शिकवावं लागेल... म्हणजे ती शिकेल. ही पद्धत आहे, बाबा! मी यावर लिहू शकतो."

बाबा शेंग सोलत राहिले.

"आणि खरंच येत नसेल?" त्यांनी विचारलं.

पिंगळे मागे सरकले.

"तर मग... तुम्ही काहीच केलं नाहीत. ती आपली आपण शिकली."

"असं म्हणता?"

"तसंच नाही का?"

"काय माहीत."

पिंगळ्यांना राग आला. कोणाचा, ते त्यांना कळेना. त्यांनी वहीचा कागद फाडला, मांडीवर धरून त्यावर काही लिहिलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

कागदावर होतं: तुम्ही ढोंगी आहात.

वाचता येत असेल तर चेहरा बोलेल. पिंगळे टक लावून बघत राहिले.

बाबांनी हात पंच्याला पुसले. कागद उचलला. उलटा धरला, मग सुलटा केला. बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावर काही नाही... फक्त कौतुक.

"काय सुंदर अक्षर आहे हो! काय लिहिलंय?"

पिंगळ्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तुमचं नाव," ते म्हणाले.

बाबांनी पायरीवरच्या धुळीत बोटानं हळूहळू तीन अक्षरं काढली. के... व... ळ.

"हे माझं नाव. तेवढं एक जमुनानं पाठ करून घेतलं. कागदावरचं तर निराळं दिसतं."

कुठंतरी टिटवी ओरडली. पिंगळे खाली बघत होते.

"मास्तर, काय लिहिलंय?"

"तुम्ही..." पिंगळे कागदाकडेच बघत म्हणाले. "तुम्ही ढोंगी आहात."

"हां," बाबा म्हणाले. जणू कोणी आज बुधवार आहे असं सांगितलं. "यातलं ढोंगी कुठलं?"

पिंगळ्यांनी दाखवलं.

बाबा वाकून बघू लागले. "हे अक्षर कोणतं? गळाच्या आकड्यासारखं?"

"ग."

"अन् त्याच्यापुढं दोन काठ्या?"

"पुढची वेलांटीची. अलीकडची ग ची."

"ग ची आहे, मग अशी लांब का उभी? वरच्या दोरीला दोघं टांगलेली, पण अंगाला अंग लागत नाही. हा ढ बघा, कसा सगळा एकात एक आहे."

"तसंच लिहितात."

"ते दिसतंय. का?"

"लिपीची ती... पद्धत आहे. पूर्वीपासून."

"का?"

पिंगळ्यांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसापाशी अशा वेळी बोलायला काही ना काही असतंच. लिपीचा इतिहास आहे, लेखणीचं वळण आहे, दोन मोठी नावं आहेत. तेवढ्यावर वर्ग गप्प बसतो.

बाबा गप्प बसलेले नव्हते. ते वाट बघत होते. सत्तरी उलटलेला माणूस, बोट ग वर ठेवून, खरोखर वाट बघत होता.

"मला..." पिंगळे म्हणाले. "मला माहीत नाही."

शब्द बाहेर पडले आणि त्यांना कसंतरीच झालं. जिन्याला एक पायरी कमी असावी आणि तिथंच पाय पडावा, तसं.

"जमुनालाही माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "मग आम्ही दोघं दिवसभर त्या काठीकडं बघत बसलो. लई मजा आली." त्यांनी पुन्हा शेंग घेतली. "बरी आहे ना ती?"

आणि त्या साध्या चौकशीनं पिंगळ्यांचं सगळं बाहेर आलं.

महाविद्यालयात एक जागा निघाली होती. जमुनाचा अर्ज होता. त्यावर प्राचार्यांचा अभिप्राय लागतो. तो कागद अठरा दिवस त्यांच्या टेबलावर पडून होता, आता पिशवीत होता, आणि उद्या मुदत संपत होती.

"अभिप्राय का नाही लिहिला?"

"तिनं माझं नाव घेतलं नाही म्हणून."

हे वाक्य त्यांनी मनातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

बाबा शेंगेची शीर काढत होते.

"तुम्ही तरी सांगा, लिहू की नको?"

"मी कसा सांगू? मी तिचा शिष्य. शिष्याची शिफारस चालते का?"

पिंगळे हसले नाहीत. त्यांना अचानक जमुनाचा परीक्षेचा पाठ आठवला. चौथीच्या पोरानं काहीतरी विचारलं होतं. ती फळ्यापाशी थांबली आणि म्हणाली, मला माहीत नाही, चला शोधू. सगळा वर्ग पुस्तकांवर तुटून पडला होता. पिंगळ्यांनी शेवटच्या बाकावर बसून तिचे दोन गुण कापले होते. शेरा लिहिला होता: पूर्वतयारी अपुरी.

ते दोन गुण कशाचे कापले? तेव्हा त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता...

त्यांनी पिशवीतून कागद काढला. पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं:

'सदर उमेदवार वर्गात "मला माहीत नाही" असे म्हणू शकतात. माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत मला हे जमले नाही. नेमणूक करावी.'

सही केली. कागद परत पिशवीत गेला. हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट डोक्यात जास्तच गुंता झाला होता.

"बाबा, मी पोरांना सांगत आलो, शिक्षक समाज घडवतो."

"मग? घडला?"

पिंगळ्यांनी पिशवी मांडीवर ओढली.

"मग शिक्षक हवा कशाला समाजाला? ज्याला येतं तो अडवतो. ज्याला येत नाही त्याच्या ओसरीवर पोरं शिकून जातात. मग मी रोज सकाळी तिथं उभा राहतो तो कशाला?"

बाबांनी सोललेले दाणे पातेल्यात ओतले. टरफलं गोळा करून बाजूला ठेवली. घाई नव्हती.

"खिचडी टाकतो. खाऊन जा."

"नको. उशीर होईल, कागद पोचवायचाय."

पिंगळे उठले. चार पायऱ्या उतरले आणि वळले.

"एवढं तरी सांगा. शपथ घालत नाही, पण खरं सांगा. तुम्हाला वाचता येतं की येत नाही?"

बाबा पातेलं घेऊन उभे राहिले होते. त्यांनी पिंगळ्यांकडे पाहिलं.

"सांगतो, मास्तर. पण मग उद्या वर्गात पोरांना काय विचाराल?"