कारल्याची साक्ष

कराडच्या भुस्कुटेबाईंची गाडी म्हशीला चुकवताना झाडावर आदळली आणि दाराचा पत्रा फाटला. विमा कंपनीनं बजावलं, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मुनीर मिस्त्रीनं ती गॅरेजच्या कुंपणाला उभी केली आणि त्याच दिवशी कुंपणाशी कारल्याच्या बिया टोचल्या.

बाई रोज फोन करत राहिल्या. सर्व्हेअर ढोबळेसाहेब उगवले ते तब्बल अडीच महिन्यांनी. त्यांनी दारावरून बोट फिरवलं. बोटाला तांबडा गंज लागला, तसे साहेब हसले.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवत होता ना? मग खोटं कशाला बोलता? नव्या अपघाताला एवढा गंज चढत नाही. हा मार जुना आहे. क्लेम नामंजूर!"

बाईंनी फाटक्या दारातून आत शिरलेला वेल अलगद उचलला. सीटवर एक कारलं पिकून पिवळं झालं होतं.

"साहेब, याचं बी गाडी इथं आली त्या दिवशी लावलंय. गंज आणि कारलं, दोन्ही तुमची वाट बघत वाढलीत. अपघात नवाच होता, तुम्ही त्याला जुना केलात."

ढोबळेसाहेबांनी पेन काढून क्लेमच्या कागदावर मंजुरीची सही केली.

"काय उत्तर दिलंत, बाई!" मुनीर खूश झाला.

बाई कारलं हातात धरून उभ्याच राहिल्या. "थोरल्या आक्काला या गाडीतून माहेरी नेणार होते रे. 'गाडी कधी येणार?' म्हणून रोज विचारायची. मागच्या आठवड्यात गेली. तिला काही उत्तर देता आलं नाही."