मोहोर लागलेला दोर

“भिंत पडणार हे ज्याला ठाऊक होते आणि तरी जो गप्प बसला, असा कोणीतरी या सभेत आहे.”

भगवान एवढेच बोलले. नाव घेतले नाही, कोणाकडे पाहिलेही नाही. विहाराच्या नव्या स्नानगृहाची भिंत कोसळून एका भिक्षूचा पाय कायमचा गेला होता. बांधकामावर देखरेख करणाऱ्या चार स्थविरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, चूक गवंड्याची ठरवली होती. गवंडी दाराशी उभा होता. चारही स्थविर जमिनीकडे पाहत होते. तेव्हा भगवानांनी ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली.

पूर्वी पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दोर वळणाऱ्यांच्या श्रेणीचे ज्येष्ठक होते. एका धंद्यातल्या सगळ्या कारागिरांची मिळून जी संस्था असे, तिला श्रेणी म्हणत. तिचा कारभार ज्येष्ठक आणि आणखी चौघे, असे पाच जणांचे मंडळ पाही. पोतनची जमीन खडकाची, विहिरी खोलच खोल. तिथे माणसाचा जीव अक्षरशः दोरावर लोंबकळे. म्हणून श्रेणीचा जुना दंडक होता. नवा माल तयार झाला की त्यातल्या एका दोरावर मंडळातल्या एकाने स्वतः विहिरीत उतरायचे आणि वर यायचे. मगच त्या मालाच्या टोकांना लाखेची मोहोर लागे.

पण मंडळींची पोटे सुटली. बोधिसत्त्व परदेशी व्यापाराला गेले, तेव्हा माणसाऐवजी दगडांचे पोते उतरवण्यात आले. पुढे पोतेही जड वाटू लागले.

मंडळात रोहक नावाचा एक जण होता. ताग खरेदी करणे त्याच्याकडे होते. त्या वर्षी राजाने नव्या विहिरी खणायला काढल्या आणि दोरांची मोठी मागणी आली. घाईघाईत रोहकाने ओलसर ताग उचलला. रचून ठेवलेला ओला ताग आतून तापतो आणि कुजतो. वरून मात्र पिवळाधमक दिसतो. गंजीत हात घालताच रोहकाला ती आंबूस ऊब लागली. त्याने मंडळात सांगितलेही, पण अर्धवट, चाचरत.

ज्येष्ठकाच्या जागी बसलेला मणिभद्र हसला. “रोहका, तुझ्या नाकाला सगळंच घाण येतं. वाळला की वास जातो. राजाला काय सांगू, आमच्या रोहकाला सर्दी झालीय?”

सगळे हसले. रोहकही हसला. मग मणिभद्राने विचारले, “मोहोर लावायची ना? कोणाला काही म्हणायचंय?” श्रेणीच्या सभेत न बोलणे म्हणजे होकार. कोणी बोलले नाही.

काही दिवसांतच विहिरीचा गाळ काढायला उतरलेला एक माणूस दोर तुटून मेला. तो दोर सोणा नावाच्या बाईने वळला होता. मंडळ पुन्हा बसले. मणिभद्र म्हणाला, “पीळ सैल पडला असणार. बाईचा हात. कोणाला काही म्हणायचंय?” रोहकाने घसा खाकरला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने पाणी मागितले.

राजसभेत सोणाला उभे केले. नगराचा कायदा कडक होता: दोर वळणाऱ्याच्या चुकीने जीव गेला, तर वळणाऱ्याचे अंगठे कापायचे.

“महाराज, जन्मभर वळत आले तसाच हाही दोर मी वळला,” सोणा म्हणाली. “ताग काय मी निवडला? मोहोर काय मी लावली? ज्यांनी लावली ते हे उभे आहेत, त्यांना विचारा की!” आणि तिने एकेकाकडे पाहिले. रोहकाकडे तिची नजर वळली तेव्हा तो आपल्या उत्तरीयाची चुणी नीट करत होता.

तेवढ्यात बोधिसत्त्व आले. प्रवासाची धूळ तशीच अंगावर होती. वेशीवरच त्यांना सगळे कळले होते. राजाला वंदन करून त्यांनी मणिभद्राला विचारले, “बाकीचा माल कसा आहे?”

“उत्तम!” मणिभद्र म्हणाला. दुसरे म्हणणार तरी काय? माल वाईट म्हटला तर राजाची मागणी हातची जाणार. “वाईट होता तो हिचा एक.”

“मग यावर कोण उतरलं होतं?”

चौघे एकमेकांकडे पाहू लागले.

“असो. राहिलेलं काम आता करू,” बोधिसत्त्व म्हणाले. “महाराज, याच मालातला, दुसऱ्याने वळलेला दोर मागवा. मी उतरतो.”

“आर्य, या वयात?” मणिभद्र हसायला गेला, पण या वेळी कोणी साथ दिली नाही.

राजवाड्याच्या विहिरीवर सगळे जमले. बोधिसत्त्वांनी दोर कमरेला बांधला, रहाटावरून घेतला आणि दुसरे टोक पुढे केले. “रोहका, तू धर.”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. तेच रोहकाला सहन झाले नाही. दोर हातात येताच तोच आंबूस वास आला. म्हातारे ज्येष्ठक कठड्यावर बसले, त्यांनी दोन्ही पाय आत सोडले, भार दोरावर टाकू लागले. रोहकाच्या मुठीत एक तंतू तुटला.

“थांबा! उतरू नका!” तो ओरडला. “ताग कुजका आहे! मला माहीत होतं!”

सोणाला सोडले. बोधिसत्त्व राजापुढे हात जोडून म्हणाले, “मोहोर श्रेणीची आणि श्रेणी माझी. शिक्षा मला द्या.” राजाने मागणी रद्द केली आणि मेलेल्याच्या घराचा भार मंडळावर टाकला. बोधिसत्त्वांनी घरोघर जाऊन, माफी मागून, विकलेले दोर परत घेतले आणि जाळले. रोहक त्यांच्याबरोबर हिंडला.

एका दारातून परतताना त्याने विचारले, “मी बोललो नसतो तर?”

“उतरलो असतो.”

“तुम्हाला मी थांबवलं,” रोहक म्हणाला. “आपला माणूस आत पाय सोडून बसला तेव्हा तोंड उघडलं. तो गाळ काढणारा मेला तेव्हा नाही, सोणाच्या अंगठ्यांसाठी नाही.”

बोधिसत्त्व त्याला ‘असू दे’ म्हणाले नाहीत. “ही लाज जपून ठेव,” ते म्हणाले. “पुढच्या सभेला येताना घेऊन ये.”

एवढे सांगून भगवान थांबले. चौघांपैकी पिंगिय नावाचा स्थविर उठला होता. “भंते, भिंतीच्या पायाची माती ओली होती. गवंड्याने सांगितलं होतं. मी ऐकलं आणि गप्प बसलो.”

“त्या वेळचा रोहक म्हणजे हा पिंगिय,” भगवान म्हणाले. “त्या वेळची सोणा म्हणजे दाराशी उभा असलेला हा गवंडी, आणि ज्येष्ठक मीच होतो. भिक्षूंनो, वाईट होऊ घातले असता आपण गप्प बसलो याची जी लाज वाटते, ती मोठा सद्गुण आहे. चार माणसांवर ज्याचा अधिकार चालतो, त्याने तर तिच्याशिवाय आसनावर बसूच नये.”

गवंड्याने उरलेल्या तीन स्थविरांकडे पाहिले आणि मग दारातूनच विचारले, “भंते, बाकीचे तिघे कोण होते, ते सांगायचं राहिलं.”